ठेव कोणाच्या भरंवशावर?

गेल्या महिन्यांत मोताळ्याहून एका भगिनीचें पत्र आम्हांस आलें. घर एकत्र, सासूबाई, मामंजी, दोन दीर, जावा आणि मुलेंबाळें मिळून बारा-तेरा माणसांचें. यजमान शाळेंतून नुकतेच निवृत्त झालेले. निवृत्तीची जी एकरकमी पुंजी हातीं आली ती कोठें ठेवावी, यावर घरांत दोन महिने खल चालला आहे. थोरले दीर म्हणतात, पतसंस्थेंत ठेवा. व्याज बँकेपेक्षां जास्त, आणि संचालक आपल्या उठण्याबसण्यांतले. मामंजी म्हणतात, सरकारी बँकेशिवाय कोठेंहि एक रुपया नको. आणि भगिनी स्वतः लिहितात, "दोघांचेंहि म्हणणें मला पटतें, आणि दोघांच्याहि म्हणण्याची भीति वाटते. आपण काय तें सांगावें."

अशा पत्रास एका ओळींत उत्तर देणें सोपें आहे. पण तसें उत्तर देणारानें त्या घराचें हित पाहिलें, असें म्हणतां येणार नाहीं. म्हणून या वेळचें हें पान आम्ही या एकाच प्रश्नास देत आहों.

मोताळ्याच्या माणसास हा प्रश्न कांहीं पुस्तकी नाहीं. गांव मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरचें. एका अंगास राजूरचा घाट चढून गेलें कीं बुलढाणें. तेथें १९८६ मध्यें राधेश्याम चांडक यांनीं अल्प भांडवलावर काढलेली 'बुलढाणा अर्बन' ही पतसंस्था आज अनेक राज्यांत पसरली आहे, आणि शेतकऱ्याचा माल गोदामांत ठेवून घेऊन त्यावर कर्ज देण्याच्या तिच्या रीतीचें नांव दूरवर झालें आहे. दुसऱ्या अंगास मलकापूर. तेथील मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनें नोव्हेंबर २०२१ मध्यें निर्बंध घातले. खातेदारास आपल्याच खात्यांतून दहा हजार रुपयांवर रक्कम काढतां येईना. आणि जुलै २०२३ मध्यें त्या बँकेचा परवाना रद्द झाला. लग्नें, आजारपणें, पेरण्या ज्यांच्या त्या काळांत अडल्या, त्यांचीं घरें मोताळ्यांतहि असतील.

आतां यांतील मौज पाहा. जी बुडाली ती बँक होती. आणि बँक होती म्हणूनच तिच्या बहुतेक ठेवीदारांचे पैसे वांचले. परवाना रद्द करतांना रिझर्व्ह बँकेनें जाहीर केलें कीं, शेकडा सत्त्याण्णवांहून अधिक ठेवीदारांना आपली संपूर्ण रक्कम विम्यांतून मिळण्याचा हक्क आहे. जी पतसंस्था असते, ती कितीहि मोठी व कितीहि नांवाजलेली असली तरी, तिच्या ठेवींस हा विमा नाहीं. दोन्ही पाट्यांवर 'अर्बन' हा शब्द एकच. पाटीमागचा कायदा मात्र निराळा. आम्हीं किती तरी सुशिक्षित घरांत विचारून पाहिलें. पदवीधर माणसेंहि 'आमच्या बँकेंत' असें म्हणून पतसंस्थेचें पासबुक पुढें करतात.

या विम्याची कथा वऱ्हाडच्या वाचकांस ठाऊक असावी अशी आहे, कारण तिचें एक मूळ अकोल्यास आहे. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बसल्या. त्या आघातानंतर ठेवींच्या विम्याचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १९६२ पासून विम्याचें महामंडळ सुरू झालें. तेव्हां संरक्षण होतें अवघ्या दीड हजार रुपयांचें. १९६८ मध्यें कायदा दुरुस्त होऊन सहकारी बँकांनाहि त्यांत येण्याची वाट मोकळी झाली. १९९३ मध्यें मर्यादा एक लाखावर गेली, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पांच लाख झाली. ही पांच लाखांची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, आणि एका बँकेच्या सर्व शाखांतील एकाच्या नांवच्या सर्व ठेवी मिळून, हें विसरूं नये. २०२१ च्या दुरुस्तीनें आणखी एक सोय झाली : बँक निर्बंधांखालीं गेली तर परवाना रद्द होण्याची वाट न पाहतां नव्वद दिवसांच्या आंत विम्याची रक्कम मिळावी.

मग पतसंस्था या संरक्षणाबाहेर कां? कारण तिची कल्पनाच मुळीं वेगळी. बँकेंत आपण गिऱ्हाईक असतों. पतसंस्थेंत आपण धनी असतों. बडोद्यास १८८९ मध्यें विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनीं 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली, त्या नांवांतच हें सारें तत्त्व आलें : एकमेकांनीं एकमेकांस साहाय्य करावयाचें. १९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला, तो जर्मनींतील रायफायझेन यांच्या खेड्यांतल्या मंडळ्यांचा कित्ता पुढें ठेवून. त्या कायद्यांत ग्रामीण मंडळीच्या सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे. म्हणजे मंडळी बुडाली तर प्रत्येक सभासदाच्या घरादारापर्यंत ती झळ पोंचे. ही अट कठोर वाटते. पण तिचा परिणाम काय होता तो लक्षांत घ्या. शेजाऱ्यानें घेतलेल्या कर्जाचा बैल खरोखर गोठ्यांत आला कीं नाहीं, हें पाहावयास आपण होऊन चार माणसें जात. ठेवीचें रक्षण विम्यानें होत नव्हतें, तें डोळ्यांनीं होत होतें.

आज जबाबदारी मर्यादित झाली आणि संस्था एका गांवाच्या न राहतां जिल्ह्याच्या, राज्याच्या झाल्या. हा बदल अपरिहार्यच होता, व त्यापासून लाभहि झाला. परंतु सभासदांचे ते डोळे मात्र मिटले, आणि त्यांच्या जागीं दुसरें पुरेसें कांहीं बसलें नाहीं.

ज्या दिरांस जास्त व्याजाचा मोह पडला आहे, त्यांनीं एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एक संस्था ठेवीवर शेकडा बारा व्याज देते. पगार, भाडें, छपाई, दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्याचें कमिशन यांस शंभरीं तीन रुपये धरूं. पंधरा झाले. शंभरांतील पंचवीस रुपये सुरक्षित ठिकाणीं गुंतविले, त्यांवर सहा टक्क्यांनीं दीड रुपया आला. उरलेले साडेतेरा रुपये पंच्याहत्तर रुपयांच्या कर्जांतून निघावयाचे, म्हणजे कर्ज शेकडा अठरानें गेलें पाहिजे. आणि तेंहि एक पैसा न बुडतां. आतां विचारावें कीं, शेकडा अठरानें कर्ज कोण घेतो? ज्याचें तारण चोख आहे, ज्याची पत निर्मळ आहे, तो बँकेंत जाऊन त्याहून कमी दरानें घेतो. उरतो तो बहुधा बँकेनें परत पाठविलेला. ठेवीदारास मिळणारें जास्त व्याज हें असें दुसऱ्याच्या अडचणींतून येतें, आणि अडचणींतला माणूस पहिला हप्ता कोणाचा चुकवितो, हें सांगावयास नको.

ऱ्हासाची वाटहि ठरलेली असते. एखादें मोठें कर्ज थकतें. बहुधा तें संचालकाच्या नात्यागोत्यांतलें. तें थकित दाखविलें तर तपासनीस शेरा मारील, म्हणून त्याच ऋणकोस नवें कर्ज देऊन जुनें फेडल्याचें दाखवितात. यास व्यवहारांत 'नवें-जुनें करणें' असें गोड नांव आहे. पुस्तकांत नफा दिसतो, सभेंत लाभांश जाहीर होतो, अहवाल गुळगुळीत कागदावर छापला जातो. पेटींत मात्र रोकड कमी कमी होत जाते, आणि ती भरून काढण्यासाठीं नव्या ठेवीवर आणखी अर्धा टक्का वाढवून जाहिरात निघते. भोवतालच्या संस्था व्याज उतरवीत असतां एकटी कोणी चढवूं लागली, तर तो भरभराटीचा नव्हे, तहानेचा प्रकार समजावा.

येथें आम्हांस एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती सांगण्यासारखी नाहीं, म्हणून इतके दिवस सांगितली नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरचीहि ठेव एका पतसंस्थेंत होती. ती कोठली, हें सांगण्याचें कारण नाहीं. दरवर्षीं सभेची सूचना येई, अहवाल येई; तो आम्ही न उघडतां रद्दींत टाकीत असूं. सभेस एकदांहि गेलों नाहीं. एके सायंकाळीं एक परिचित गृहस्थ चहास म्हणून आले, आणि जातांना उंबऱ्यावर थांबून हळूच म्हणाले, "तुमचें कांहीं असेल तर या आठवड्यांत काढून घ्या. माझें नांव नको." दुसऱ्या दिवशीं दहाच्या आंत आम्ही संस्थेच्या दारांत होतों. मुदतीपूर्वीं मोडल्याबद्दल थोडें व्याज सोडावें लागलें. पण रक्कम पुरी मिळाली. घरीं सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला.

तीन आठवड्यांनीं संस्थेचें दार लागलें. त्या दिवशीं आमच्या घरीं स्वयंपाकास येणाऱ्या बाई उशिरां आल्या. चूल पेटविण्यापूर्वीं त्यांनीं ओच्यांतून एक पावती काढली आणि आईस विचारलें, "आई, हिचें आतां काय होईल हो?" मुलीच्या शिक्षणासाठीं नऊ वर्षें साठविलेले पैसे होते. आईनें विचारलें, "तुम्हीं तेथें कशाला ठेवलेत?" बाई म्हणाल्या, "तुमच्या घरचे होते ना तेथें, म्हणून."

त्या दिवशीं घरांत कोणी नीट जेवलें नाहीं. आईनें पुढच्या महिन्यापासून बाईंच्या हातावर पगाराहून वेगळी अशी कांहीं रक्कम ठेवण्यास आरंभ केला. ती फेड नव्हे, हें आईहि जाणत होती आणि बाईहि.

आम्हीं कायदा मोडला नाहीं, कोणास फसविलें नाहीं, स्वतःचाच पैसा घेतला. तरीहि तो प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. आमच्यासारख्या घरांत ताळेबंद वाचतां येणारीं चार माणसें असतात. आम्ही सभासद होतों, सभेंत उभें राहून विचारण्याचा हक्क आम्हांस होता. तो आम्हीं कधीं वापरला नाहीं. ओळखीचा उपयोग तेवढा केला, आणि तो फक्त स्वतःपुरता. आमच्या नांवावर विसंबून ज्यांनीं ठेव ठेवली, त्यांना सांगावयास आमच्याजवळ तीन आठवडे होते.

म्हणून सभासदाचा हक्क म्हणजे काय, तें येथें स्पष्ट लिहितों. महाराष्ट्रांत नोंदलेल्या संस्थांस १९६० चा सहकारी संस्था कायदा लागू आहे. त्याप्रमाणें दरवर्षीं हिशेबतपासणी झाली पाहिजे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरली पाहिजे. निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधींत टाकावा लागतो. लाभांश शेकडा पंधराच्या वर देतां येत नाहीं. संस्थेचें नुकसान करणाऱ्या संचालकाकडून तें भरून घेण्याची तरतूद त्याच कायद्याच्या ८८ व्या कलमांत आहे. मात्र आधीं एक पाहून घ्यावें : आपण खरे सभासद आहों कीं नुसते नाममात्र? पुष्कळ ठेवीदारांस अर्जावर सही घेऊन नाममात्र सभासद करून टाकतात. त्यांना सभेंत मत नसतें. ज्यास ठेव ठेवावयाची असेल त्यानें एखादा भाग तरी विकत घेऊन पुरें सभासदत्व मागावें. देण्यास टाळाटाळ झाली, तर तेवढ्यावरूनच काय तें ओळखावें.

अहवाल हातीं आला कीं पहिलीं रंगीत पानें सोडून द्यावींत. तपासनिसानें दिलेला वर्ग पाहावा : अ, ब, क कीं ड, आणि गेल्या वर्षीं तो कोणता होता. नंतर एकूण कर्जांपैकीं थकबाकी किती, व ती वाढते आहे कीं घटते आहे. राखीव निधि व भागभांडवल मिळून ठेवींच्या मानानें किती. संचालक व त्यांचे नातलग यांच्याकडे कर्ज किती. ठेवी वाढल्या पण कर्जवसुली वाढली नाहीं, असें दिसलें तर सभेंत उठून कारण विचारावें. हें सारें अर्ध्या तासाचें काम आहे. ज्या घरांत मुलांच्या प्रगतिपुस्तकावर दोन-दोन संध्याकाळी वादविवाद होतात, तेथें एवढा वेळ जड नाहीं.

परदेशांतील उदाहरण सांगावयाचें तर अमेरिकेंत पतसंस्थांच्या ठेवींसाठीं १९७० पासून स्वतंत्र विमानिधि आहे. प्रत्येक संस्था सभासदांच्या विमाधारी ठेवींच्या शेकडा एक इतकी रक्कम त्या सामाईक निधींत ठेवते, आणि सभासदाच्या अडीच लाख डॉलरपर्यंतच्या ठेवीस हमी मिळते. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनें कायद्यांत तरतूद करून पतसंस्थांसाठीं 'स्थिरीकरण व तरलता साहाय्य निधि' योजिला आहे. संस्थांनीं ठेवींच्या दर शंभर रुपयांमागें दहा पैसे त्यांत भरावयाचे. प्रारंभ योग्य दिशेनें आहे. पण हा निधि मुख्यतः अडखळलेल्या संस्थेस हात देण्यासाठीं. बँकेच्या विम्यासारखा साठ वर्षें कसोटीस उतरलेला तो नव्हे. आपली संस्था त्यांत वर्गणी भरते कीं नाहीं, हा सभेंत विचारावयाचा पहिला प्रश्न. अनेक राज्यांत काम करणाऱ्या संस्था केंद्राच्या २००२ च्या कायद्याखालीं येतात. २०२३ च्या दुरुस्तीनें त्यांच्या सभासदांना तक्रारीसाठीं सहकार लोकपाल आणि आजारी संस्थांसाठीं पुनर्वसनाचा निधि अशा व्यवस्था आल्या. एवढेंच कीं, त्यांचा निबंधक दिल्लीस. मोताळ्याच्या माणसास तें अंतर लहान नाहीं.

संस्था बुडाल्यावर काय होतें, याचा धडा शेजारच्या जळगांवांतच आहे. तेथील भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्य पतसंस्थेवर २०१५ मध्यें अवसायक नेमला गेला. हजारों ठेवीदार वर्षांनुवर्षें वाट पाहत राहिले. आणि २०२० मध्यें त्या अवसायनाच्याच कारभाराविषयीं पुण्यास गुन्हे दाखल झाले. गांजलेल्या ठेवीदारांच्या पावत्या अल्प किंमतींत घेऊन त्या मोठ्या कर्जदारांच्या कर्जांत वळत्या केल्या, असा त्यांत आरोप होता. न्यायालय काय ठरवील तें ठरवो. आपण एवढें शिकावें कीं, संकटांत कोणी आपली पावती अर्ध्यामुर्ध्या भावांत मागूं लागला तर घाईनें सही करूं नये. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे. त्याखालीं मालमत्ता जप्त होऊन ती विकून पैसे वांटण्याची वाट आहे. ती लांब आहे, तथापि बंद नाहीं. मूळ पावती, पासबुक आणि भरणा केल्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. एकट्यानें खेटे घालण्यापेक्षां चार ठेवीदारांनीं मिळून जावें.

आतां मोताळ्याच्या भगिनींस आमचें उत्तर. मामंजींचें म्हणणें खरें आहे, तें असें : ज्या पैशावर उद्याचें अन्न, औषध आणि मुलीचें लग्न अवलंबून आहे, तो विमा असलेल्या बँकेंत किंवा पोस्टांत असावा, आणि रक्कम मोठी असेल तर कोणत्याहि एका बँकेंत एकाच्या नांवावर व्याजासह पांच लाखांच्या आंत असावा. थोरल्या दिरांचेंहि एक म्हणणें आम्हांस मान्य आहे. गांवची पतसंस्था ही वाईट वस्तु नव्हे. ज्या टपरीवाल्यास, शिवणकाम करणाऱ्या बाईस बँक दारांत उभें करीत नाहीं, त्यांना तीच सावकाराच्या हातून सोडविते. तेथें थोडी रक्कम, जी अडकली तरी घर अडणार नाहीं एवढीच, अवश्य ठेवावी. पण ती ठेवावयाची तर दिरांनीं एक व्रत घ्यावें. संचालक उठण्याबसण्यांतले आहेत म्हणून ठेव ठेवूं नये. ते उठण्याबसण्यांतले आहेत म्हणून सभेंत त्यांना प्रश्न विचारावेत. मैत्रीस जर एवढें सोसत नसेल, तर ती मैत्री ठेवीला तारण म्हणून पुरणार नाहीं.

आणि एक. तुमच्या घरीं कामास येणाऱ्या बाई, दूध घालणारा, दुकानांतला पोरगा यांपैकीं कोणी तुमच्याकडे पाहून तेथें पैसे ठेवले आहेत काय, हें आज विचारून घ्या. असतील तर अहवालांत जें वाचाल, तें त्यांनाहि वाचून दाखवा. काढण्याची वेळ आलीच तर सांगा, आणि स्वतः काढण्यापूर्वीं सांगा.

आमच्या घरीं आतां अहवाल रद्दींत जात नाहीं. ज्या संस्थेंत आमचा भाग आहे, तिच्या सभेस गेलीं चार वर्षें आम्ही जातों. पहिल्या वर्षीं आम्हीं थकबाकीचा आंकडा विचारला, तेव्हां मागच्या रांगेंतून कोणी तरी म्हणालें, "वेळ कशाला घेतां? चहा निवतो आहे." यंदा प्रश्न विचारणारे सात जण होते.